वारुळावरची अळंबी

पावसाळा मुरला की कोकणात आणि गोव्यात वारुळांवर पांढरी अळंबी उगवते. तिच्या चवीबद्दल दुमत नाही. परंतु ती ओळखावी कशी, ह्याविषयी आपल्यात काही घातक समजुती रूढ आहेत. शिजवताना लसूण वा चांदीचे नाणे काळे पडले नाही, म्हणजे अळंबी निर्विष, ही त्यांपैकी एक. ती सर्वस्वी खोटी आहे.

आमच्या मते खरी खूण टोपीपेक्षा मुळाशी शोधावी. वाळवी वारुळाच्या पोटात पाल्यापाचोळ्याची पोळी रचते व त्यांवर बुरशी जोपासते. अळंबी हे त्या बुरशीचेच फळ. म्हणून तिचा देठ मातीत लांब मुळासारखा निमुळता होत थेट पोळ्यापर्यंत जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे एम ह्यांनी १९४२ मध्ये ह्या वर्गाला ‘टर्मिटोमायसिस’ म्हटले, ते वाळवीशी असलेल्या ह्या नात्यावरूनच.

दुसरी खूण अशी : टोपी कागदावर रात्रभर पालथी ठेवावी. हिची भुकटी गुलाबीसर पडते. हिरवट पडली, किंवा देठाच्या बुडाशी पिशवीसारखे वेष्टन दिसले, तर ती अळंबी टाकून द्यावी. तसे वेष्टन असलेल्या अमॅनिटाच्या काही जाती प्राणघातक आहेत. त्यांचे विष शिजवल्याने जात नाही, आणि त्रास बहुधा सहा-बारा तासांनी सुरू होतो. तोवर यकृतावर घाला पडलेला असतो.

खुणा जुळल्या तरी जाणत्याला दाखविल्यावाचून अळंबी चुलीवर चढवू नये, आणि शंका उरली तर जिभेची भीड मुळीच धरू नये.