वाळवंटातील पाण्याचा अपुरा हिशेब

कोरड्या प्रदेशात बाहेरून पाणी आणले की दारिद्र्याचा प्रश्न आपोआप सुटतो, ही समजूत आपल्या नियोजनात खोलवर रुजली आहे. राजस्थानातील इंदिरा गांधी कालवा हा या समजुतीचा एक भव्य प्रयोग होय. तो फसला असे म्हणता येणार नाही. परंतु त्याच्या यशाचा जमाखर्च अपुरा मांडला गेला, हे मान्य करावे लागेल.

पंजाबात सतलज व बियास यांच्या संगमाजवळील हरिके येथून हा कालवा निघतो. १९५८ साली कामास प्रारंभ झाला. २०४ किलोमीटरचा पोषक कालवा आणि ४४५ किलोमीटरचा मुख्य कालवा ओलांडून हिमालयाचे पाणी १९८७ मध्ये जैसलमेर जिल्ह्यात शेवटच्या टोकाला पोहोचले. जेथे बाजरी, मेंढ्या आणि स्थलांतर हेच जगण्याचे आधार होते, तेथे गहू, कापूस व मोहरी डोलू लागली. भूमिहीनांना जमिनी मिळाल्या, नव्या बाजारपेठा वसल्या, दूरच्या जोधपूर शहराचीही तहान भागली. दुष्काळात गुरे घेऊन परागंदा होणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हे परिवर्तन लहान नव्हे.

परंतु या वाळूखाली अनेक ठिकाणी जिप्सम व चिकणमातीचे कठीण थर आहेत. पाणी त्यांच्यावर अडते, भूजल वर चढते आणि त्याबरोबर क्षारही पृष्ठभागावर येतात. हनुमानगढ जिल्ह्यातील बडोपल परिसरात शेते पाणथळ झाली. ज्यांनी पाण्याची वाट पाहिली, त्यांच्यापैकी काहींना पाण्यानेच विस्थापित केले. १९९४ साली थरमध्ये हिवतापाची भीषण साथ आली, तेव्हा कालव्यालगतच्या साचलेल्या पाण्याकडे बोट दाखवले गेले. सेवण गवताची कुरणे नांगराखाली गेली आणि पशुपालकांचा जुना आधार आक्रसला.

यात दोष केवळ शेतकऱ्याचा नाही. पाणी स्वस्त असेल आणि पुढच्या पाळीची शाश्वती नसेल, तर हाती आलेले पाणी भरपूर वापरणे हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणा ठरतो. त्याचा परिणाम मात्र दुहेरी होतो : मुखाकडची जमीन पाण्याने नासते, शेपटाकडची पाण्यावाचून सुकते. दरम्यान लाभक्षेत्र वाढत जाते आणि जुन्या लाभधारकांना आपला वाटा घटल्याची भावना होते. २००४ साली घडसाना परिसरातील शेतकऱ्यांचे आंदोलन गोळीबारापर्यंत गेले, त्याच्या मुळाशी पाण्याचाच प्रश्न होता. आणलेले पाणी मागणी शमवीत नाही. ते नवी मागणी निर्माण करते.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. नीरा डाव्या कालव्याच्या क्षेत्रात जमिनी क्षारपड होण्याचा अनुभव विसाव्या शतकाच्या आरंभीच आला होता. तरीही कालव्याच्या उद्घाटनाला जेवढी गर्दी होते, तेवढी निचऱ्याच्या चराला कधीच लाभत नाही. चर खणण्यात वैभव नसते आणि त्यावर मतेही मिळत नाहीत.

म्हणूनच प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात निचऱ्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे. पाण्याचे वाटप मोजून झाले पाहिजे. आणि पीकरचना पाण्याने नव्हे, तर जमिनीच्या सोसण्याच्या शक्तीने ठरली पाहिजे. नाहीतर एका पिढीने आणलेल्या पाण्याची किंमत पुढची पिढी पांढऱ्या पडलेल्या शेतांच्या रूपाने चुकवीत राहील.