ड्रायर मध्येच बंद का पडतो?

आषाढ लागला की दिवाणखान्यात दोऱ्या बांधायच्या, पंख्याखाली चादरी पसरायच्या आणि दमट परकर इस्त्रीने वाळवत बसायचे, हे सगळे आपण केले आहे. म्हणून आता पुण्यामुंबईच्या फ्लॅटमध्ये कपडे वाळवायचा ड्रायर आला, तर त्यात चैन कसली? पण ऐन पावसात तोच ड्रायर वीस मिनिटे चालतो, नको तितका तापतो आणि गप्प बसतो. तासाभराने सुरू होतो, पुन्हा बंद! "बिघडलाय, नवा घ्या," म्हणून घरातली मंडळी मोकळी होतात. अहो, जरा थांबा. पुष्कळदा नुसती हवेची वाट तुंबलेली असते.

हीटर हवा तापवतो. ती फिरत्या ड्रममधल्या कपड्यांतून जाते, त्यांचा ओलावा उचलते आणि पंखा तिला पुढे ढकलतो. वाटेत एक जाळी असते, तिच्यावर कपड्यांची लव अडकते. वाट अडली की उष्णता आतच साठते आणि थर्मोस्टॅट हीटरची वीज तोडतो. मोटरलाही असाच स्वतःचा पहारेकरी असतो. ती फार तापली की यंत्र थांबते आणि निवल्यावर पुन्हा चालते.

म्हणून आधी जाळी पाहा. लव दर खेपेला काढायचीच. शिवाय महिन्यातून एकदा जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साचले, तर सुवासासाठी टाकतात त्या सॉफ्टनरच्या कागदांचा मेणचट थर बसला आहे असे समजा. साबणाचे कोमट पाणी, जुना टूथब्रश, आणि जाळी पूर्ण वाळवून मगच जागेवर.

ड्रायरला मागून नळी असेल तर तो चालू असताना तिच्या बाहेरच्या तोंडाशी हात धरा. जोरदार गरम झोत लागला पाहिजे. नुसती फुंकर लागली, तर प्लग काढून नळी तपासा. यंत्र भिंतीला रेटल्यामुळे ती मागे चेपलेली असते, लवेने भरलेली असते, किंवा कबुतरांनी तोंडाशी संसार थाटलेला असतो! प्लॅस्टिकची नळी असेल तर धातूची बसवून घ्या. (परदेशातल्या मैत्रिणींनो, तुमचा ड्रायर गॅसचा असेल तर नळीला स्वतः हात लावू नका, जाणकार बोलवा. तिच्यातून विषारी वायूही बाहेर जात असतो.)

नळी नसलेल्या ड्रायरमध्ये बहुधा कंडेन्सर असतो. काही यंत्रांत तो खालचे झाकण उघडून बाहेर काढता येतो. तसा असेल तर नळाखाली धुवा, नाहीतर माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे साफ करा. असा ड्रायर बंद कपाटात कोंडला तर तापणारच. आणि ड्रम गच्च भरू नका, कपड्यांना आत उलथापालथ करायला जागा हवी.

एवढे करूनही यंत्र थांबतेच, किंवा निवल्यावरही तापत नाही, तर मेकॅनिक बोलवा. पुष्कळ ड्रायरमध्ये एक थर्मल फ्यूज असतो. तो एकदा उडाला की बदलावाच लागतो. इथे सावध राहा. "बाई, वायर जोडून देतो, चालू होईल," असे कोणी म्हणाले तर स्पष्ट नकार द्या. शेवटचा पहारेकरीच काढून टाकल्यावर आगीला अडवायला कोण उरले? अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा राहत्या इमारतींत ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० भरल्या. त्यांतले सर्वांत मोठे कारण होते साफसफाई न करणे.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या घरांसाठी. अभ्यंगाचे तेलकट पंचे, स्वयंपाकघरातली तेल पुसलेली फडकी ड्रायरमध्ये घालू नका. धुतल्यावरही तेलाचा अंश राहतो आणि गरम ढिगात तो आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकतो. शेवटची काही मिनिटे यंत्र नुसती गार हवा फिरवते ती यासाठीच. घाई असली तरी ते मध्येच थांबवून कपडे आत तसेच ठेवू नका. काढायचेच झाले तर लगेच बाहेर काढून मोकळे पसरा. तेलाचे पंचे मात्र पंख्याखालच्या दोरीवरच बरे, दोन दिवस लागले तरी लागू देत.