साठीनंतर पायांची ताकद

सकाळी बागेत दोन फेऱ्या मारल्या की व्यायाम झाला, असं आपल्याकडचे बरेच ज्येष्ठ मानतात. चालणं उत्तमच, पण मांड्यांची ताकद टिकवायला तेवढं पुरत नाही. तिशीनंतर दर दशकात स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात. साठीनंतर हा वेग आणखी वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील लोकांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांसोबत किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सुचवले.

‘आता या वयात काय?’ असं मात्र कुणी म्हणू नये. डॉ. मारिया फियातारोने यांनी अमेरिकेतल्या वृद्धशुश्रूषा केंद्रात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे वजनांचे व्यायाम दिले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ते पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! नव्वदीतही स्नायू साद देतात, याचा मला फार दिलासा वाटतो.

घरच्या घरी सुरुवात करता येते: हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. व्यायामासोबत स्नायूंना प्रथिनंही हवीत, म्हणून जेवणात दोन्ही वेळा उसळ, पिठलं, दही, अंडं किंवा मासळी असावी. रात्री नुसत्या दूध-पोळीवर भागवण्याची सवय सोडलेली बरी. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारा.