पांढरी ताटली आणि हिरवं तळं

ठाण्याहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. घरासमोर तळं, तळ्याकाठी बाग, आणि त्या बागेची देखभाल आसपासच्या सोसायट्या मिळून करतात. उन्हाळा लागला की पाणी हिरवंगार होतं आणि वास मारतं. आता वर्गणी काढून तरंगतं कारंजं बसवायचा बेत आहे. विकणारा म्हणतो, ‘ऑक्सिजन वाढला की शेवाळ आपोआप जातं.’ हे खरं आहे का, एवढाच प्रश्न.

नाही, खरं नाही. कारंजं दिसायला छान दिसेल, संध्याकाळी त्यावर रंगीत दिवेही सोडता येतील. पण ते वरचं पाणी उचलतं आणि वरच टाकतं. शिवाय हिरव्या तळ्यात दुपारी ऑक्सिजनची टंचाई नसतेच. दुपारी तीनला तिथे पाण्यात मावेल त्याहून जास्त ऑक्सिजन सापडतो, कारण ते शेवाळच तो तयार करत असतं. टंचाई येते रात्री. अंधार पडला की तेच शेवाळ श्वासापुरता ऑक्सिजन ओढू लागतं आणि पहाटे उजाडायच्या आधी पाणी पार रितं होतं. मेलेले मासे सगळ्यांत आधी दिसतात ते मॉर्निंग वॉकवाल्यांना, हा योगायोग नव्हे. नमुना घ्यायला माणूस येतो अकरा वाजता, आणि अहवालात ‘ऑक्सिजन समाधानकारक’ अशी नोंद होते! अशा पहाटे कारंजं चालू असेल तर चार मासे वाचतील, तेवढं श्रेय त्याला देऊ. पाणी मात्र हिरवंच राहील.

माझं ऐकाल तर वर्गणीतला अगदी थोडा भाग वीस सेंटिमीटर व्यासाच्या एका ताटलीवर आणि दोरीवर खर्च करा. ताटलीचे चार भाग पाडून ते आलटून पालटून काळे-पांढरे रंगवायचे, खाली वजन बांधायचं, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर खूण करायची. ताटली पाण्यात सोडत जायची. दिसेनाशी झाली की खूण पाहायची, मग वर ओढत आणायची आणि पुन्हा दिसू लागली की खूण पाहायची. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या दिवशीची पारदर्शकता. जगभरचे तळ्यांचे अभ्यासक या ताटलीला ‘सेक्की डिस्क’ म्हणतात. उपग्रहांच्या जमान्यातही ती हद्दपार झालेली नाही.

अँजेलो सेक्की हे मूळचे आकाशाकडे पाहणारे गृहस्थ. जेझुइट धर्मगुरू, रोमच्या वेधशाळेचे संचालक, ताऱ्यांची त्यांच्या वर्णपटांवरून वर्गवारी करणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांपैकी एक. त्या काळी पोपचं स्वतःचं आरमार होतं आणि त्याचे प्रमुख होते अलेस्सांद्रो चाल्दी. लाटा आणि सागरी प्रवाह हा चाल्दींच्या अभ्यासाचा विषय. समुद्र किती खोलवर पारदर्शक असतो हे नीट मोजायला हवं, हे डोक्यात घेऊन 1865 च्या वसंतात त्यांनी सेक्कींना जहाजावर बोलावलं. ‘इमाकोलाता कोन्चेत्सिओने’ हे जहाज चिव्हितावेक्किया बंदराबाहेर उभं राहिलं आणि वेगवेगळ्या आकारांच्या, वेगवेगळ्या रंगांच्या तबकड्या समुद्रात सोडल्या गेल्या. ताऱ्यांचा माणूस कठड्यावरून वाकून पाण्यात बुडणाऱ्या थाळ्या बघतोय, हे दृश्य मला फार आवडतं.

सेक्कींनी काम मात्र चोख केलं. सूर्य किती वर आहे, आकाश ढगाळ आहे का, तबकडी उन्हाच्या बाजूने सोडली की जहाजाच्या सावलीत, तिचा रंग कोणता, आकार केवढा, या प्रत्येक गोष्टीने आकडा किती बदलतो ते त्यांनी लिहून ठेवलं. आज ताटलीसोबत ज्या सूचना मिळतात (भर दुपारी मोजा, बोटीच्या सावलीच्या बाजूने मोजा), त्यांचं मूळ त्या टिपणांत आहे. हा अहवाल छापून आला 1866 मध्ये, चाल्दींच्या पुस्तकात. म्हणजे कल्पना पुढे रेटणारे चाल्दी, जहाज चाल्दींचं, पुस्तकही चाल्दींचं, आणि नाव लागलं सेक्कींचं. ऑटो फॉन कोत्सेबू या दर्यावर्दीने तर 1817 च्या सुमाराला पॅसिफिकमध्ये लाल कापड आणि पांढरी थाळी सोडून पाहिली होती, त्याचीही आठवण कोणाला नाही. काळे-पांढरे भाग रंगवण्याची युक्ती पाणीपुरवठ्यातले अमेरिकी तज्ज्ञ जॉर्ज व्हिपल यांची, 1899 ची. त्यांचं नावही ताटलीवर नाही.

ही ताटली रहिवाशांच्या हातात काय करू शकते, याचा माझा आवडता दाखला अमेरिकेतल्या सिएटल शहराचा. शहराच्या पूर्वेला ‘लेक वॉशिंग्टन’ हा सुमारे पस्तीस किलोमीटर लांबीचा तलाव आहे, काठाने बागा आणि पोहण्याच्या जागा. दुसऱ्या महायुद्धानंतर तलावाभोवती उपनगरं वाढली आणि प्रत्येकाने आपापला सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प उभारला. गंमत अशी की हे प्रकल्प काम करत होते. त्यांच्यातून बाहेर पडणारं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होतं, आणि तरीही तलाव बिघडत चालला.

1955 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले डब्ल्यू. टी. एडमंडसन आणि त्यांचे विद्यार्थी यांना तलावाच्या पाण्यात ‘ऑसिलॅटोरिया रुबेसेन्स’ नावाचं नीलहरित शैवाल सापडलं. एडमंडसन सावध झाले, कारण स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकच्या तलावाची अधोगती सुरू झाली तेव्हा हेच शैवाल तिथे हजर झालं होतं. त्यांनी भाकीत केलं: सांडपाणी येत राहिलं तर तलाव हिरवा होत जाईल, थांबवलं तर सुधारेल. जेम्स एलिस या वकिलांनी मोहीम हाती घेतली. सगळ्या उपनगरांचं सांडपाणी एकत्र गोळा करणारी संस्था स्थापन करायची, तर मतदान हवं, आणि शहर व उपनगरं दोन्हीकडे वेगवेगळं बहुमत हवं. मार्च 1958 मध्ये शहर ‘हो’ म्हणालं, उपनगरं ‘नाही’. मग उन्हाळा आला, कडक आला, आणि तलाव दरवळू लागला. सप्टेंबरच्या मतदानात उपनगरांनीही ‘हो’ म्हटलं. प्रचाराला नाकाची एवढी मदत क्वचितच झाली असेल.

1963 ते 1968 या काळात सांडपाण्याचे पाइप टप्प्याटप्प्याने वळवले गेले. सुरुवातीला ताटली एक मीटर जायच्या आतच दिसेनाशी होत होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती तीन मीटरपर्यंत दिसू लागली. एडमंडसनचं भाकीत खरं ठरलं आणि तेही आकड्यांसकट. (सांडपाणी हवेत विरलं असं नव्हे. प्रक्रिया करून ते समुद्राकडे सोडलं गेलं. ‘स्वच्छ केलं’ असं कोणी म्हणालं की ‘कुठे पाठवलं?’ हे विचारायची सवय चांगली.)

प्रक्रिया केलेल्या पाण्यात असं काय उरत होतं? फॉस्फरस. साधी प्रक्रिया घाण आणि जंतू काढते, फॉस्फरस बराचसा तसाच पुढे जाऊ देते. पंगतीत भात-वरण कितीही असो, पत्रावळी संपल्या की पुढची माणसं बसणार नाहीत. तळ्यातल्या शेवाळाची पत्रावळ म्हणजे फॉस्फरस. कार्बन हवेतून मिळतो, नायट्रोजनही काही नीलहरित शैवालं हवेतून पकडतात. फॉस्फरस मात्र बाहेरून कोणीतरी आणून टाकावा लागतो, आणि ते काम आपण मन लावून करतो. एका माणसाच्या शरीरातून दिवसाला साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. त्यावर वजनाच्या शंभरेक पट, तेही सुकवून तोललेलं, शेवाळ वाढू शकतं. चारशे वस्तीच्या एका सोसायटीचा मैला चुकून तळ्यात जात असेल, तर रोज साठ किलो सुक्या शेवाळाची सोय झाली.

हे इतकं सरळ असूनही त्या काळात त्यावरून जुंपली होती. अमेरिकेतल्या डिटर्जंटमध्ये फॉस्फेट भरपूर असायचं, आणि साबण उद्योगाला ‘खरा गुन्हेगार कार्बन’ हा सिद्धांत फार सोयीचा वाटायचा. सिएटलमध्ये फॉस्फरस झपाट्याने उतरला, नायट्रोजन आणि कार्बन तेवढे उतरले नाहीत, आणि शेवाळ गेलं फॉस्फरसच्या मागोमाग. तरी शंका घेणारे होतेच. अखेर कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी 1973 मध्ये ‘लेक 226’ नावाच्या छोट्या तळ्याच्या मधोमध पडदा ताणला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसरीकडे तेच दोन आणि वर फॉस्फरस. विमानातून काढलेल्या फोटोत एक बाजू काळसर स्वच्छ दिसते, दुसरी हिरवी. त्या एका फोटोने जे काम केलं ते शंभर निबंधांनी केलं नसतं.

आता बाटलीतून मिळणाऱ्या ‘चमत्कारी जिवाणूं’बद्दल. कारंजाच्या जोडीला हेही विकायला येतात. फॉस्फरस हे मूलद्रव्य आहे. कोणताही जिवाणू मूलद्रव्य नाहीसं करू शकत नाही, फार तर इकडचं तिकडे करतो. नायट्रोजनला वायू होऊन हवेत जायचा रस्ता तरी आहे, फॉस्फरसला तसा नाही. तो तळ्यातून बाहेर काढायचा म्हणजे शब्दशः उचलून न्यायचा.

आणि तो गाळात लपतो. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या तळ्यांच्या गाळावर काम करून दाखवलं, की तळाशी ऑक्सिजन असेपर्यंत लोह फॉस्फरसला धरून ठेवतं. ऑक्सिजन संपला की पकड सुटते आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. लेक वॉशिंग्टन खोल होता, पाणीही दोन-अडीच वर्षांत बदलत होतं, म्हणून लवकर सावरला. आपली शहरी तळी उथळ, गाळाने भरलेली. तिथे नाला बंद केला तरी पुढची काही वर्षं गाळच पाणी हिरवं करत राहील. त्या काळात ‘एवढं करून काय उपयोग झाला’ म्हणणारे कमिटीत निघतातच. त्यांना आधीच सांगून ठेवा.

सिएटलच्या कथेला एक शेपूट आहे. 1976 मध्ये तिथली ताटली एकदम आणखी खोल जाऊ लागली, सात मीटरच्या घरात. सांडपाणी तर कधीच थांबलं होतं, मग आता काय बदललं? डॅफ्निया. म्हणजे पाणपिसू, डोळ्याला जेमतेम दिसणारा, उड्या मारत पोहणारा कवचधारी जीव. तो दिवसभर पाणी गाळून शेवाळ खातो. त्याला खाणारी एक छोटी कोळंबी स्मेल्ट नावाच्या माशांनी कमी केली, आणि पाणपिसवांचं फावलं. हे वाचताना मला आपल्याकडची डास निर्मूलनाची मोहीम आठवते. हौसेने तळ्यात गॅम्बुसिया मासे सोडतात. डासांच्या अळ्या ते खातात हे खरं, पण पाणपिसवांचाही चट्टामट्टा करतात, आणि मग शेवाळाला खाणारं कोणी उरत नाही. 1972 मध्ये कॅलिफोर्नियात टाक्यांमधल्या प्रयोगांत हे दिसलं होतं. तिलापिया तर तळही ढवळतो. माशांना पाव घालणाऱ्या आजोबांना कोणी ओरडू नये, पण तो पाव म्हणजेही थोडा फॉस्फरसच.

पत्रलेखकांच्या कमिटीने मला विचारलं, तर पहिला खर्च मी चपलांचा सांगेन. चैत्रात, पाऊस संपून सहा महिने झालेले असताना, तळ्याला येऊन मिळणारं प्रत्येक पावसाळी गटार चालत जाऊन बघायचं. त्यात पाणी वाहत असेल तर ते पावसाचं नाही. फोटो काढायचा, तारीख टाकायची, कोणत्या गल्लीपासून वाहतंय ते शोधायचं. जलपर्णी काढताय तर ट्रकमध्ये भरून दूर न्यायची. तिने शोषलेला फॉस्फरस तळ्याबाहेर काढायची ही आयती संधी असते, आणि आपण ती काठावर ढीग लावून वाया घालवतो. पहिल्या पावसात ढीग कुजून सगळं परत पाण्यात. निर्माल्याचंही तेच.

आणि ताटली. अमेरिकेत मिनेसोटात 1973 पासून काठावर राहणारी साधी माणसं ती बुडवताहेत. केंट स्टेट विद्यापीठातल्या रॉबर्ट कार्लसन यांनी 1994 पासून ‘सेक्की डिप-इन’ हा उपक्रम चालवला, त्यात अशाच हौशी लोकांची मोजमापं एकत्र येतात. कार्लसन यांचाच 1977 चा निर्देशांक सांगतो, की ताटलीची खोली निम्मी झाली तर तळ्याची प्रत दहा अंकांनी घसरली समजा. आपल्याला इतकंही नको. ठरलेली जागा, बोट किंवा धक्का, सकाळी दहा ते दुपारी दोनमधली वेळ, गॉगल काढलेला, आणि दर पंधरवड्याला वहीत एक ओळ. शेजारी पाण्याचा रंगही लिहा. जुलैत ताटली वितभर खाली गेली की दिसेनाशी होईल, पण तेव्हा पाणी चहासारखं असेल. तो डोंगरउतारावरच्या मातीचा दोष, शेवाळाचा नव्हे, आणि त्याचा उपाय वेगळा आहे. ताटली तळाला टेकूनही दिसत असेल तर ‘तळापर्यंत’ असं लिहून खोली नोंदवा. उथळ तळ्यात मार्चमध्ये असं झालं तर तो दिवस चांगला.