रस्त्याची चूक शोधणारा माणूस

कंपन्या सुटायच्या वेळी पालघर जिल्ह्यातल्या गोखिवऱ्याच्या रस्त्यावर थोडं उभं राहून पाहावं. गाळ्यांतून माल भरून निघालेले टेम्पो महामार्गाकडे निघतात, शेअर रिक्षा वसई स्टेशनचं भाडं घ्यायला मध्येच थांबतात आणि डब्याची पिशवी सांभाळत माणसं या सगळ्यातून वाट काढतात. आपण म्हणतो, गर्दी आहे. रोड सेफ्टी ऑडिटर विचारतो, वळणाऱ्या टेम्पोवाल्याला ही माणसं किती अंतरावरून दिसतात?

या प्रश्नाची किंमत पालघर जिल्ह्याला चांगली ठाऊक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल गेले. दोघांनी मागच्या सीटवर पट्टा न लावल्याची चर्चा घरोघरी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पुलापाशी तीन पदरांचे दोन होत आणि समोर काँक्रीटचा कठडा येई, हा प्रश्नही तितकाच मोठा होता. त्याच वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली; त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. माणूस चुकणारच. त्या चुकीला रस्त्याने मृत्यूची शिक्षा द्यावी का, हे तपासणं म्हणजे ऑडिट. ही पद्धत १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये रुजली, रेल्वेच्या तपासणीवरून धडा घेऊन.

आपल्याकडे या कामाचा आधार म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची 'एसपी ८८' ही पुस्तिका. ती २०१० ची, सुधारलेली आवृत्ती २०१९ ची. ऑडिटर व्हायचं तर पाया स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीचा. त्यावर वाहतूक अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी असेल तर फार बरं. मुंबईची आयआयटी आणि नागपूरचं व्हीएनआयटी इथे ती मिळते. मग रस्त्याची आखणी, वाहतूक नियोजन किंवा अपघात-तपासणीत काही वर्षं घालवावी लागतात. त्यानंतर पंधरा दिवसांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था तो चालवते. पंधरा दिवस ऐकायला थोडे वाटतात, पण तिथे नव्याने विषय शिकवायचा नसतो, इतकी वर्षं रस्ते आखणाऱ्याची नजर बदलायची असते.

ही नजर आकड्यांवर उभी आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात गाडी ४२ मीटर पुढे गेलेली असते. थांबायला एकूण ८० मीटर लागतात. म्हणजे वळणावरचा जाहिरातीचा फलक, झाडाची फांदी किंवा उभा ट्रक या ८० मीटरांत आडवा आला, की तो रस्ता कागदावर कितीही नियमात बसो, धोक्याचाच. ऑडिट आराखड्यापासून सुरू होतं. बांधकाम चालू असताना, रस्ता खुला होण्याआधी आणि वापरात आल्यावरही होतं. कागदावर चूक खोडायला रबर पुरतो, नंतर काँक्रीट फोडावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पाच किलोमीटर किंवा त्याहून लांब नव्या रस्त्यांसाठी आराखड्याच्या टप्प्यावरच ऑडिट करायला सांगितलं, ते मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

पात्रतेतली सर्वांत अवघड अट मात्र पदवीची नाही. ज्यांनी रस्ता आखला, त्यांच्यापैकी ऑडिटर असता कामा नये. आपल्याच भाताची खिचडी झालेली आपल्याला कळत नाही. ऑडिटरच्या अहवालात दोष, त्यातला धोका आणि उपाय येतो. उपाय मान्य नसेल तर रस्त्याच्या मालक-खात्याने कारण लेखी द्यायचं असतं. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने आखणीतल्या आणि देखभालीतल्या कसुरीसाठी कंत्राटदार, सल्लागार आणि संबंधित यंत्रणेवर एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. जीव गेला तर ही रक्कम फारच तोकडी.

एकदा रस्ता पाहून गेलेला ऑडिटर पुन्हा रात्री येतो. दिवसा ठळक दिसणारे पट्टे तेव्हा, विशेषतः ओल्या डांबरावर, नाहीसे होतात. समोरच्या दिव्यांत दुभाजकाचं टोक हरवतं. आणि दुभाजकावर कुठे तरी पायांनी घासून गुळगुळीत झालेली जागा सापडते. तिथे लोखंडी जाळी लावा, असं लिहून मोकळं होता येतं. चांगला ऑडिटर आधी रिक्षा कुठे थांबते ते पाहतो, मग सर्वांत जवळच्या पांढऱ्या पट्ट्यांपर्यंत स्वतः चालत जाऊन पावलं मोजतो.