भविष्यकाळ नसलेलं क्रियापद

माद्रिदचा माणूस दुपारी सहसा तीनच्या सुमारास जेवतो. हे तो कसं सांगेल? ‘स्वेलो कोमेर आ लास त्रेस.’ ‘कोमेर’ म्हणजे जेवणं, ‘आ लास त्रेस’ म्हणजे तीन वाजता. आणि पहिल्या ‘स्वेलो’त काय काय आहे बघा: ‘मी’, ‘सहसा’ आणि ‘माझा शिरस्ता आहे’, सगळं एका शब्दात! सवय सांगायला स्पॅनिशने चक्क एक क्रियापदच राखून ठेवलंय. मूळ रूप ‘सोलेर’, थेट लॅटिनमधून आलेलं.

मग ‘सोलेर’चं ‘स्वेलो’ कसं झालं? आघात पडला की तो जुना ‘ओ’ फुटतो आणि त्याचा ‘वे’ होतो. भूतकाळात आघात पुढे सरकतो, ‘ओ’ शाबूत राहतो: ‘सोलिया’, म्हणजे ‘करत असे’.

खरं नवल पुढेच आहे. या क्रियापदाला वापरातला भविष्यकाळच नाही! आज्ञार्थही नाही. ‘उद्यापासून रोज पहाटे उठत जाईन’ हे ‘सोलेर’ने सांगताच येत नाही. का बरं? सवय ही आधी घडून गेलेल्या दिवसांवर उभी असते. उद्याची असते ती इच्छा. व्याकरणाने हा भेद किती नेमका पकडलाय!

गंमत म्हणजे भूतकाळात ‘सोलिया’वाचूनही भागतं. नुसतं ‘कोमिया’ म्हटलं तरी ‘जेवत असे’ हा अर्थ निघू शकतो. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. ‘आजी पहाटे उठे, सडा घाली’ यातल्या ‘उठे’ आणि ‘घाली’ने एका दिवसाची नाही, कित्येक वर्षांची हकिगत सांगितली ना?

सवयीसाठीच्या नामांतही निवड करावी लागते. सिगारेट ओढण्याची सवय ती ‘आबितो’; हाच शब्द जोगिणीच्या झग्यालाही चालतो, म्हणजे सवय हे अंगावर चढवलेलं वस्त्रच जणू. गावाची रीत ती ‘कोस्तुम्ब्रे’, मात्र एकट्या माणसाच्या सवयीलाही हा शब्द चालतो. दिवसाचा ठरलेला क्रम तो ‘रुतिना’. फ्रेंचमधल्या ‘वाट’ या अर्थाच्या शब्दापासून तो आला, आणि त्याच त्या वाटेचा कंटाळाही त्यात कधी कधी डोकावतो.

स्पॅनिश शिकत असाल तर आजच स्वतःच्या तीन सवयी ‘स्वेलो’ने सुरू करून मोठ्याने म्हणून पाहा. नव्या वर्षाचे संकल्प मात्र त्यात घालू नका.