संगणकाचा डिप्लोमा : काय शिळं होतं, काय टिकतं

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, "तत्त्वज्ञानाच्या माणसाने प्रोग्रामिंगच्या डिप्लोमावर काय बोलायचं?" शंका रास्त आहे. आम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं, पोटासाठी प्रोग्राम एकही लिहिला नाही. पण झालं असं, की आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर काही मुली कॉट बेसिसवर राहतात. त्यांतली एक परभणीकडची. वडिलांनी कर्ज काढून तिला सहा महिन्यांच्या डिप्लोमासाठी पुण्याला पाठवलेलं. एकदा जिन्यात भेटली आणि म्हणाली, "सर, सहा महिन्यांत आम्ही जे शिकतोय ते किती वर्षं पुरेल?" आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि वर आलो. मग लक्षात आलं, की हा प्रश्न आमच्याच विषयातला आहे. ज्ञान कशाला म्हणायचं आणि त्यातलं टिकतं काय, हेच ती विचारत होती. जिन्यात द्यायचं राहून गेलेलं उत्तर आज देऊ.

आपल्याकडे शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगायची पद्धत आहे : अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. यालाच अनुबंधचतुष्टय म्हणतात. हे कोणी शिकावं, यात काय आहे, ग्रंथाचा विषयाशी नातं काय आणि शिकून मिळवायचं काय, हे आधी स्पष्ट व्हावं म्हणजे वाचणाऱ्याची फसगत होत नाही. डिप्लोमाच्या माहितीपत्रकावर प्लेसमेंट ठळक अक्षरात असते, या चार गोष्टी मात्र आपल्यालाच शोधाव्या लागतात. तेव्हा त्याच क्रमाने जाऊ.

अधिकारी

'कॉम्प्युटरचा कोर्स' या एका शब्दाखाली पुण्यात चार-पाच निरनिराळ्या गोष्टी खपतात. पहिली म्हणजे एमएस-सीआयटी. पुण्यातल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने, म्हणजे एमकेसीएलने, 2001 पासून हा कोर्स गावोगावी नेला. त्याने संगणक वापरायला शिकवलं, आणि ते मोठं काम होतं. पण वापरणं वेगळं आणि घडवणं वेगळं. गाडी चालवता येणारा प्रत्येक जण इंजिन उघडू शकत नाही.

घडवण्याच्या बाजूला तीन पायऱ्या आहेत. आयटीआयमध्ये दहावीनंतर एक वर्षाचा 'कोपा' ट्रेड असतो, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट. दुसरी पायरी दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या पॉलिटेक्निक डिप्लोमाची. पुण्याचं शासकीय तंत्रनिकेतन 1957 पासून उभं आहे. आणि तिसरी, पदवीनंतरची. तिथे नाव येतं सी-डॅकचं.

सी-डॅकची स्थापना 1988 मध्ये पुण्यात झाली. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक तिथे तयार झाला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच संस्थेने 1993 मध्ये प्रशिक्षणासाठी वेगळी शाखा काढली, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. तिथला प्रगत संगणनाचा पदव्युत्तर डिप्लोमा 'डॅक' या नावाने मुलांच्या तोंडी आहे. अभियांत्रिकीचे पदवीधर, एमसीए झालेले, गणितातले पदव्युत्तर यांच्यासाठी तो असतो. प्रवेश 'सी-कॅट' परीक्षेतून. 24 आठवडे, 900 तास. भागाकार करून पाहा : आठवड्याला साडेसदतीस तास वर्गात आणि लॅबमध्ये. स्वतःचा अभ्यास त्यावर वेगळा.

म्हणजे कागदोपत्री अधिकारी कोण, ते कळलं. पण शास्त्रात अधिकारी शब्दाला आणखी एक अर्थ आहे : ज्याची तयारी झाली आहे तो. इथे ती तयारी कोणती? आम्ही शिकवणाऱ्या काही जणांना विचारलं. हुशारी, इंग्रजी, गणित यांपैकी कशाचंही नाव त्यांनी पहिलं घेतलं नाही. चूक सापडत नसताना दोन-तीन तास न चिडता बसता येतं का, हे ते पाहतात म्हणाले. आमच्या मते यात खेड्यातून आलेली मुलं कुठेच कमी नसतात. त्यांना कमी पडतो तो वेळ, कारण कर्जाचा हप्ता मागे लागलेला असतो.

विषय

आता मुख्य भाग. या डिप्लोमांत तीन गोष्टी शिकवतात : प्रोग्रामिंग, वेबसाइट उभारणं आणि डेटाबेस सांभाळणं. तिन्हींत एक थर लवकर शिळा होतो आणि एक थर टिकतो. ही वाटणी मुलांना कोणी करून देत नाही, ही आमची खरी तक्रार आहे.

साधं उदाहरण घ्या. सी-डॅकची प्रशिक्षण शाखा 1993 मध्ये सुरू झाली तेव्हा जावा ही भाषा जगापुढे आलेलीच नव्हती. ती 1995 ची. आज मात्र अभ्यासक्रमाचा मोठा भाग जावाने व्यापलाय. वेब तर आणखी चंचल. जावास्क्रिप्टही 1995 चीच, पण तिच्यावर उभारलेल्या चौकटी दर काही वर्षांनी बदलत राहतात. काल ज्याच्यासाठी नोकरी मिळत होती, ते आज 'जुनं' ठरतं.

पण डेटाबेसकडे वळा. आयबीएममधल्या एडगर कॉड या गणितज्ञाने 1970 मध्ये एक निबंध लिहिला. त्यात त्याने मांडलं, की माहिती कोष्टकांत ठेवा आणि तिच्याकडे तर्कशास्त्राच्या नजरेने पाहा. कोष्टकातली प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान. 'अमुक विद्यार्थी, अमुक बॅच, इतकी फी भरली.' ज्या तर्कशास्त्राचा आधार त्याने घेतला त्याचा पाया फ्रेगे या जर्मन तत्त्वज्ञाने 1879 मध्ये घातला होता. पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटला, बँका, रेल्वे, वीजबिलं सगळं याच कल्पनेवर चाललंय. आमच्या वर्गात जे विधेय तर्कशास्त्र मुलांना कंटाळवाणं वाटायचं, तेच एसक्यूएल नावाने त्यांना पगार मिळवून देतंय. आम्हाला याचं थोडं हसू येतं, थोडं वाईटही वाटतं.

आता याच एसक्यूएलमधली एक जागा दाखवतो, जिथे भलेभले पडतात. समजा, एका वसतिगृहाच्या कोष्टकात साठ मुलं आहेत. एक रकाना 'बाकी फी'चा. चाळिसांच्या नावापुढे शून्य आहे. पंधरांच्या नावापुढे काही रक्कम आहे. उरलेल्या पाचांची नोंदच झालेली नाही, तो रकाना रिकामा आहे. या रिकामेपणाला तिथे 'नल' म्हणतात. आता विचारा, बाकी शून्य आहे अशी मुलं किती? उत्तर चाळीस. बाकी शून्य नाही अशी किती? आपल्याला वाटेल वीस. यंत्र सांगतं पंधरा! पाच मुलं दोन्ही याद्यांतून गळाली. यंत्र चुकलेलं नाही. 'माहीत नाही' ही गोष्ट शून्याबरोबर बरोबरीची आहे का, याचं उत्तरही 'माहीत नाही' असंच येतं, आणि यादीत फक्त 'हो' असलेल्या ओळी येतात.

आपल्या दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतकं वाद घातला आहे. जमिनीवर घडा नाही, हे ज्ञान आपल्याला कसं होतं? भाट्ट मीमांसकांनी सांगितलं, की घडा असता तर दिसला असता अशी परिस्थिती असेल, तरच 'दिसत नाही' यावरून 'नाही' म्हणता येईल. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर तो तिथे नाही असं सिद्ध होत नाही. रिकामा रकाना ही अंधारी खोली आहे. तिथे शून्य गृहीत धरणारा माणूस अज्ञानाला अभाव समजतो. वसतिगृहाच्या फीमध्ये हे हसण्यावारी जाईल. पण तीच चूक नुकसानभरपाईच्या यादीत झाली, तर एखादं कुटुंब मदतीतून बाहेर पडतं आणि का पडलं हे कोणालाच सांगता येत नाही.

संबंध

ग्रंथाचा विषयाशी संबंध, तसा वर्गाचा कामाशी संबंध काय? गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1949 मधल्या पुस्तकात 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यांत फरक केला. पोहण्यावरचं पुस्तक पाठ करून कोणी विहिरीत उडी मारत नाही. डिप्लोमाचं बळ लॅबमध्ये आहे ते याचसाठी. सीनियरची असाइनमेंट उतरवणारा मुलगा मार्क मिळवतो आणि नेमकी तीच गोष्ट गमावतो जिच्यासाठी फी भरली.

पण नुसतं 'करता येणं' पुरेसं आहे का? प्रोग्रामरच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : "माझ्या मशीनवर तर चालतंय." नैयायिकांकडे याला चोख उत्तर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही, कारण धूर व्हायला सरपण ओलं लागतं. या लपलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. तुमच्या मशीनवर प्रोग्राम चालतो, कारण तिथे एखादी जुनी फाइल आहे, एखादी सेटिंग तुम्ही कधीतरी बदललेली आहे. ते तुमचं ओलं सरपण. दोष शोधणं म्हणजे उपाधी शोधणं. हे ज्याला जमलं, त्याची भाषा बदलली तरी कसब बदलत नाही.

डेटाबेस सांभाळणाऱ्याचंही तसंच. "बॅकअप रोज घेतो" हे झालं ऐकीव. तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर परत उभा करून पाहिला का? पाहिला असेल तर ते प्रत्यक्ष. यंत्र बिघडेल त्या दिवशी या दोन प्रमाणांतला फरक सगळ्या कचेरीला कळतो.

प्रयोजन

प्रयोजन म्हणजे नोकरी. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. हप्ता फेडायचाय, धाकट्या भावंडांचं शिक्षण आहे. पोटासाठी शिकलेली विद्या हलकी, हा आपल्याकडच्या काही वर्गांचा जुना अहंकार आहे. हाताने काम करणाऱ्यांचं ज्ञान आपण ज्ञानात धरलं नाही, त्याची किंमत या देशाने मोजली आहे.

मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. डेटाबेसच्या किल्ल्या ज्याच्या हाती, त्याला हजारो लोकांचे पगार, आजार, पत्ते दिसतात. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या हाती आपण हे देतो. 2023 मध्ये व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, तो चांगलाच आहे. पण रात्रपाळीत एकटा बसलेला असताना ओळखीच्या कोणाची नोंद उघडून न पाहणं, हे कायद्याने साधत नाही. ते 900 तासांत कुठेतरी शिकवायला हवं. एक तास पुरेल, पण तो मनापासून घेतलेला असावा.

तर त्या मुलीला आम्ही आता असं सांगू : बाळ, तू शिकतेस त्यातलं भाषांचं आणि चौकटींचं ज्ञान काही वर्षांत जुनं होईल, ते पुन्हा शिकावं लागेल, त्याची तयारी ठेव. कोष्टकामागचा तर्क, दोष शोधण्याची शिस्त आणि 'माहीत नाही' हे 'नाही'पासून वेगळं ठेवण्याची सवय तुला जन्मभर पुरेल. रोज रात्री वहीत दोन रकाने कर. आज शिकलेलं कोणत्या रकान्यात जातं, ते लिही.

(व्याख्यानानंतर एका पालकांनी विचारलं : "सर, आता एआय स्वतःच कोड लिहून देतं. मग मुलाला या कोर्सला घालावं का?")

प्रश्न काळजीचा आहे, आणि आम्ही भविष्य सांगत नाही. पण इतकं म्हणू, की लिहून देणारा कोणीही असो, लिहिलेलं बरोबर आहे का हे ठरवणारा लागतोच. वसतिगृहाचं उदाहरण आठवा. यंत्राने पंधरा हे उत्तर दिलं, तेही झटकन. मुलं एकूण साठ आहेत, मग पाच गेली कुठे, हे कोणीतरी विचारायला हवं. तुमचा मुलगा हे विचारणारा होणार असेल, तर जरूर घाला. आणि संस्था निवडताना फक्त प्लेसमेंटचा फलक पाहू नका. लॅब किती तास उघडी असते आणि मुलांच्या चुका बसून पाहणारं कोणी आहे का, हे स्वतः जाऊन विचारा.